एक पौंडी की दोन पौंडी?

घरात भांडी कितीही असोत, ऐन वेळी हवे ते भांडे सापडत नाही, हा गृहिणीच्या शास्त्रातला पहिला सिद्धान्त मानायला हरकत नाही. लग्नात आलेली, बारशाला आलेली, मोडीच्या बदल्यात घेतलेली, कोणाकोणाची नावे घातलेली पातेली एकात एक बसवून ठेवलेली असतात. तरी अर्धा लिटर दूध तापवायचे म्हटले की एक पातेले फार पसरट ठरते आणि दुसऱ्यातून दूध उतू जाते. मग आपण तिसरे काढतो, तर त्याच्यावर झाकण बसत नाही. अशा रीतीने रोज दोन वेळा आपण भांड्यांशी तडजोड करतो आणि संसार पार पाडतो.

बरे, दूध, आमटी, भात ही मंडळी स्वभावाने सोशिक. आमटी मोठ्या पातेल्यात केली तर ती तळाशी निमूट बसून राहते. केक मात्र रागावतो. त्याचे कारण असे, की आमटी भांड्यात होते आणि केक भांड्याचा होतो. भांड्याचे कोपरे ते त्याचे कोपरे, भांड्याच्या भिंती त्या त्याच्या भिंती. भांडे चुकले की तंतोतंत मोजून घेतलेले साहित्य काही कामाला येत नाही. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले आणि मराठी घरातल्या नव्या सुनांच्या हातात वाटी-चमच्याचे माप आले. तेव्हापासून पदार्थाचे माप आपल्याला कळते. भांड्याचे माप मात्र अजून ज्याचे त्याने ओळखायचे. बहुतेक पाककृतींत एवढेच लिहिलेले असते, की ‘तूप लावलेल्या भांड्यात ओतावे’. कोणत्या, ते विचारू नये!

हा प्रश्न मला गेल्या वर्षी श्रावणात पडला तो दादरच्या एका भांड्यांच्या दुकानात. मला केकचा लांबट टिन हवा होता. विटेच्या घाटाचा, इंग्रज लोक ज्याला लोफ टिन म्हणतात तो. दुपारच्या चहाबरोबर कापून खायचे लांबट केक तिकडे अशा टिनात भाजतात. काही ठिकाणी त्यांत घालायचे मनुके-बेदाणे आधी कोऱ्या चहात भिजत टाकतात. वेल्समध्ये अशाच एका प्रकाराला ‘बारा ब्रिथ’, म्हणजे ठिपक्यांचा पाव, असे गमतीदार नाव आहे. दुकानदाराने दोन टिन काढून फळीवर ठेवले आणि विचारले,

“एक पौंडी देऊ की दोन पौंडी, ताई?”

आमचे हे बरोबर होते. खरेदीच्या वेळी ते बहुधा रस्त्याकडे बघत उभे असतात, पण गणिताचा वास आला की आत येतात. ते म्हणाले, “दोन पौंडी घे. मोठ्यात लहान मावतं, लहानात मोठं मावत नाही.”

आपल्या मध्यमवर्गीय घरांत हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मुलाचा सदरा वाढत्या अंगाचा शिवायचा, बूट एक नंबर मोठा घ्यायचा, आत कापूस घालायचा. मूल वाढते, म्हणून हे सारे चालून जाते. पण केक काही दरवर्षी इयत्ता चढत नाही. त्याला आज, याच तासात, अंगाबरोबर बसेल असाच सदरा लागतो.

पौंडाचेही एक गूढच आहे. टिनवर पौंड लिहिलेले असतात ते टिनच्या वजनाचे नव्हेत आणि आत मावणाऱ्या पाण्याचेही नव्हेत. त्यात भाजून निघणाऱ्या पावाच्या वजनावरून ते नाव पडले. एक कारखाना ज्याला दोन पौंडी म्हणतो तो दुसऱ्या कारखान्याच्या दोन पौंडीएवढाच असेल, याची खात्री नसते. म्हणून नावावर न जाता पट्टी लावावी. मी दुकानदाराकडून पट्टी मागून घेतली. लहान टिन आठ इंच लांब, चार इंच रुंद, अडीच इंच उंच होता. मोठा नऊ इंच लांब, पाच इंच रुंद, पावणेतीन इंच उंच. डोळ्यांना वाटावे, फरक तो काय? इकडे एक इंच, तिकडे एक इंच, उंचीला पाव इंच. पण गुणाकार करून बघा. लहानाचे ८० घन इंच होतात आणि मोठ्याचे जवळजवळ १२४. म्हणजे दीडपटीहूनही जास्त! लिटरच्या भाषेत बोलायचे तर एकात सुमारे सव्वा लिटर पाणी राहील आणि दुसऱ्यात दोन लिटर. भिंती तळाकडे निमुळत्या असतात, म्हणून प्रत्यक्षात दोन्हींत थोडे कमीच.

यांनी मनातल्या मनात गुणाकार पडताळून पाहिला आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले.

आता मोठ्या टिनात लहान घाणा घातला तर काय होते? थर पातळ बसतो. पातळ थर लौकर तापतो, लौकर सुकतो, आणि वरचा रंग येईपर्यंत आतून कोरडा ठणठणीत होतो. उलट लहान टिनात मोठा घाणा घातला तर कडा आधी घट्ट होतात, मधला पातळ भाग फुगायला जागा शोधत वर येतो आणि काठावरून खाली उतरतो. पोटात मात्र कच्चाच राहतो. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. थराची जाडी दुप्पट झाली तर उष्णता मध्यापर्यंत पोचायला दुप्पट नव्हे, साधारण चौपट वेळ लागतो. तेवढ्या वेळात बाहेरची बाजू कोळसा होऊन जाते. लोफचा टिन लांब पण अरुंद का करतात, याचे उत्तरही यातच आहे. चार इंच रुंदीच्या टिनात केकचा कोणताही भाग भिंतीपासून दोन इंचांपेक्षा लांब नसतो. लांबी वाढली तरी मध्य दूर जात नाही.

बेकिंग पावडर किंवा सोडा घातलेला, अंगाने फुगणारा केक असेल तर टिन अर्ध्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत भरावा. न फुगणारा, रव्याचा किंवा कण्यांचा प्रकार असेल तर पाऊण टिन भरला तरी चालतो. फुगणाऱ्या लोफच्या पाठीवर मधोमध एक लांब भेग पडते. ती दोष नव्हे. कडा आधी बसल्या आणि मध्य मागाहून वर आला, याची ती खूण. आमच्या शेजारणीने ती भेग झाकण्यासाठी वर साखरेचे लिंपण केले होते. हे अगदी निष्कारण, पण मुलांची मात्र चंगळ झाली.

हे सगळे मला दुकानात उभ्या उभ्या आठवावे लागले, कारण तो टिन माझ्यासाठी नव्हता. तो हरिहरेश्वरला जायचा होता, काकूंकडे.

हरिहरेश्वर म्हणजे रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याचे दक्षिणेकडचे टोक. माणगाव, म्हसळे करीत एसटी पोचते. सावित्री नदी इथे समुद्राला मिळते. बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की पलीकडे रत्नागिरी जिल्हा. लोक येतात ते हरिहरेश्वराच्या आणि काळभैरवाच्या दर्शनाला, आणि ओहोटीची वेळ साधून डोंगराला प्रदक्षिणा घालायला. त्या वाटेवर लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने खडक असा काही कोरून काढला आहे, की त्याला भोकाभोकांची जाळी पडली आहे. मी एकदा काकूंना म्हटले, “काकू, हा खडक अगदी चांगल्या भाजलेल्या केकसारखा दिसतो.”

“देवाच्या डोंगरात तुला केक दिसतो होय?” काकू म्हणाल्या. मग थोडे थांबून, “पण जाळी सुरेख पडल्येय, ते खरं हो.”

काकू माझ्या चुलत सासूबाई. नारळी-पोफळीची वाडी, पुढे-मागे पडवी, मधे माजघर असे घर. मी लग्न होऊन आले तेव्हा सुट्टीत त्या माजघरात सोळा-सोळा पाने मांडली जात. आता काका आणि काकू दोघेच असतात. मुले मुंबईला, पुण्याला, एक परदेशात. वाडीतल्या कामाला एक जोडपे येते, ते दुपारचा चहा तिथेच घेते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले. काही तासांत वाडीत उभ्या पोफळींपेक्षा आडव्या पोफळी जास्त झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीसाठी हा सगळा पट्टा नावाजलेला, पण पोफळ लावल्यापासून फळ हाती यायला पाच-सहा वर्षे तरी जातात. सत्तरीपुढच्या माणसाने नवे रोप लावताना हा हिशेब मनात येणारच. काकांनी तरी रोपे लावली. काकूंनी मात्र त्या साली एक गोष्ट बंद केली. धोंडस.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. धोंडस हा कोकणचा काकडीचा केक. कोणी त्याला तवसळीही म्हणतात. पावसाळ्यात वेलावर तवशी धरतात. ती मोठी, जून, पिवळी झाली की त्यांचा कीस काढायचा. तांदळाच्या कण्या किंवा जाडसर रवा तुपावर भाजून घ्यायचा. कीस, त्याला सुटलेले पाणी, गूळ, ओले खोबरे, चिमूटभर मीठ आणि वेलची एकत्र शिजत लावून त्यात तो रवा घालायचा आणि मिश्रण भांड्यात ओतून खाली-वर निखारे ठेवायचे. अंडे नाही, मैदा नाही, भट्टी नाही. झाकणावरचे निखारे हाच ओव्हन. ज्यांनी कोणी ही युक्ती प्रथम काढली त्यांना उष्णता वरूनही द्यावी लागते हे पक्के ठाऊक होते. दिवाळीच्या नानकटाया मळून शहरातली कुटुंबे त्या बेकरीच्या भट्टीवर भाजायला पाठवीत, कारण घरच्या शेगडीला वरून आच नसे. कोकणातल्या बायकांनी भट्टीच झाकणावर आणून ठेवली होती!

काकूंचे धोंडसाचे पातेले जाड जर्मनचे, घराएवढेच जुने. त्यात दीड शेर कण्यांचे धोंडस होई. ते पातेले माजघरात आले की मुले पाटावरून उठत. मी बंद करण्याचे कारण विचारले तेव्हा काकू म्हणाल्या, “एवढं कोण खाणार? दोन माणसांत आठ दिवस पुरेल, नि चौथ्या दिवशी बुरशी.”

“मग थोडं करावं.”

“केलं होतं हो. वाटीभर कण्यांचं केलं. एवढ्याशा मिश्रणाचा बोटभर थर बसला. झाकणावरचे निखारे राहिले हातभर वर! वरून पांढरं नि खालून करपलं. तुझ्या काकांनी निमूट खाल्लं, म्हणजे बघ.”

इंग्रजी पुस्तकांत पानेच्या पाने खर्च करून जे सांगतात ते काकूंनी एका दमात सांगितले होते. भांडे मोठे आणि घाणा लहान असला की वरची उष्णता पदार्थापर्यंत पोचत नाही आणि खालची सोडत नाही. पण त्यांच्या बोलण्यात मला दुसरेही काही ऐकू आले. घर मोठे आणि माणसे थोडी, हेही तेच होते. सोळा पानांच्या मापाचे घर, सोळा पानांच्या मापाचे पातेले. त्यात दोन माणसांचा थर बसला होता. घर काही लहान करता येत नाही. भांडे करता येते.

म्हणून मी दुकानदाराला एक पौंडी टिन बांधून द्यायला सांगितले. हे म्हणाले, “दिवाळीत सगळे जमले तर?” मी म्हटले, “दिवाळी चार दिवस. बाकीचे दिवस त्या दोघांचे.”

भाद्रपदात, गौरी-गणपती आटोपल्यावर, आम्ही हरिहरेश्वरला गेलो. काकूंनी टिन हातात घेऊन उलटासुलटा केला, टिचकी मारून पाहिला. नवे भांडे घेताना टिचकी मारल्याशिवाय आपल्या बायकांचे समाधान होत नाही. “खोकं आहे हे,” त्या म्हणाल्या. “यात किती राहील?”

मी दुकानात केलेला गुणाकार सांगू लागले. त्यांनी तो ऐकून घेतला नाही. आमटीची वाटी घेतली आणि एकेक वाटी पाणी टिनात ओतू लागल्या. आठव्या वाटीला पाणी काठाला आले. “आठ वाट्या,” त्या म्हणाल्या. “म्हणजे मिश्रण सहा वाट्या. कण्या दोन वाट्या घेते, बाकीचं त्या बेतानं.” आणि कोपऱ्यातले तवसे किसायला घेतले. काही झाले तरी टिनच्या बाबतीत याहून चांगली पद्धत मला अजून सापडलेली नाही. इंच नको, पौंड नको. घरची वाटी घ्यावी, पाणी मोजावे, आणि न फुगणाऱ्या पदार्थाला त्याची पाऊणपट, फुगणाऱ्याला फार तर दोन-तृतीयांश असा हिशेब धरावा. लांबट टिन नसला तरी अडत नाही; सहा इंच व्यासाच्या आणि तीन इंच उंचीच्या गोल भांड्यात साधारण या टिनएवढेच मावते. टिन काळा असेल तर कड लौकर करपते, म्हणून आच थोडी मंद ठेवावी. काचेचे भांडे सावकाश तापते आणि एकदा तापले की उष्णता धरून ठेवते. तेव्हा तिथेही आच पंधरा-वीस अंशांनी उतरवावी.

मी ओटीजी घेऊन द्यायची तयारी दाखवली होती. काकूंनी ती मोडीत काढली. वादळानंतर कित्येक दिवस गावात वीज नव्हती, हे त्या विसरलेल्या नाहीत. “वीज गेली की तुमचा ओव्हन म्हणजे नुसतं कपाट,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी जे केले ते मला सुचले नसते. ते जुने जर्मनचे पातेले त्यांनी चुलीवर चढवले. तळाला धुऊन वाळवलेल्या वाळूचा दोन बोटे थर दिला, त्यावर लोखंडी तिवई ठेवली, झाकण घातले, झाकणावर निखारे. पातेले चांगले तापेपर्यंत इकडे मिश्रण तयार झाले. टिनला त्यांनी केळीचे पान लावले. आधी ते विस्तवावर धरून मऊ केले आणि दोन्ही बाजूंनी काठाबाहेर लोंबते ठेवले. बाजारात मिळणाऱ्या कागदापेक्षा ते बरे. वास येतो, चिकटत नाही, आणि भाजून झाल्यावर पानाची दोन्ही टोके धरली की अख्खा लोफ पाळण्यातल्या मुलासारखा अलगद वर उचलता येतो.

टिन पातेल्यात बसला. त्याच्या चहूबाजूंनी दोन-दोन, तीन-तीन बोटे जागा मोकळी राहिली. गरम हवेला फिरायला ती लागतेच. ज्या पातेल्यात पूर्वी सोळा माणसांचे धोंडस होई, ते आता धोंडसाचे भांडे राहिले नव्हते, धोंडसाची भट्टी झाले होते. काकू फुंकणी बाजूला ठेवत म्हणाल्या, “टाकायला नको झालं, बरं झालं.” मला वाटते, ते पातेले माळ्यावर जाणार या भीतीनेच त्यांनी इतकी वर्षे धोंडसाचे नाव काढले नव्हते.

तासाभराने सुरीचे टोक कोरडे निघाले. धोंडस गरम कापायचे नसते. रव्याला ओल जिरवून घट्ट बसायला वेळ लागतो. रात्रभर ते फडक्याखाली राहिले. काका रात्री दोनदा पाणी प्यायला उठले. दोन्ही वेळा त्यांना स्वयंपाकघरातलेच पाणी हवे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी काकूंनी सुरी घेतली. आठ इंचांच्या लोफचे बोटभर जाडीचे दहा तुकडे होतात. आणि इथे त्या लांबट टिनचा एक गुण माझ्या लक्षात आला, जो कुठल्याच पुस्तकात मी वाचला नव्हता.

गोल पातेल्यातल्या धोंडसाचे तुकडे सारखे नसत. मधले मऊ, लुसलुशीत, खोबऱ्याने भरलेले. कडेचे कोरडे, कडक. तळाची तर खरवडच. मधले तुकडे पहिल्या पंगतीला जात, पुरुषांना आणि मुलांना. कडेचे नंतर. सगळ्यांत शेवटी बायका बसत, आणि काकूंच्या पानात पातेल्याची खरवड पडे. कोणी टोकले तर त्या म्हणत, “मला खरवडच आवडते.” हे वाक्य मी चाळीस वर्षे ऐकले. घरातल्या सगळ्यांना ते इतके पाठ झाले होते, की पातेले रिकामे होत आले की मुलेच ओरडत, “खरवड काकूंना ठेवा!” त्यात प्रेमच असे. त्यांना खरोखरच ती आवडत असेल, असे मलाही वाटत असे.

लांबट टिनचा तुकडा असा नसतो. टोकाचे दोन सोडले तर प्रत्येक तुकड्याला तीन बाजूंनी खरपूस कड असते, वर तांबूस पापुद्रा असतो आणि मधे मऊ गाभा असतो. कोणाला नुसता मध्य मिळत नाही आणि कोणाला नुसती कड मिळत नाही. काकांच्या बशीत जो तुकडा गेला तसाच वाडीत काम करणाऱ्या बाईच्या बशीत गेला, आणि तसाच काकूंच्या.

आम्ही पडवीत बसलो होतो. काकूंनी आपला तुकडा हातात घेतला. कडेची खरपूस पट्टी अलगद मोडून बशीच्या काठाला ठेवली, आणि आधी मधला मऊ भाग खाल्ला. सावकाश, अगदी शेवटच्या कणापर्यंत. मग चहा प्यायला. कड तशीच राहिली.

मी काही बोलले नाही. काकांनी मात्र ते पाहिले. चाळीस-पन्नास वर्षांच्या संसारात माणसे एकमेकांच्या बशीकडे फारसे बघत नाहीत. त्या दिवशी त्यांनी बघितले. ते म्हणाले, “ती कड इकडे दे. मला चहात बुडवायला बरी.” काकूंनी बशी पुढे केली. विषय संपला, आणि पुढची पाच मिनिटे नव्या पोफळींना किती पाणी घालावे यावर बोलणे चालले.

तेव्हापासून हरिहरेश्वरला धोंडस पुन्हा होऊ लागले. काकूंनी त्यात आपले शोधही लावले आहेत. तवशांचा हंगाम संपला की त्या फणसाचा गर किंवा पिकलेली केळी घालतात. केळ्यांचे करताना चिमूटभर सोडा टाकतात आणि तेव्हा सहाऐवजी पाचच वाट्या मिश्रण घेतात, कारण ते फुगते. हे त्यांना मी सांगितले नाही. पहिल्या खेपेला मिश्रण काठापर्यंत चढलेले पाहून त्यांचे त्यांनीच ठरवले. लांबट लोफ प्रवासालाही सोयीचा. पानात गुंडाळून, वर फडके बांधून, तो पिशवीत उभा राहतो. गोल धोंडस मुंबईला पोचेपर्यंत त्याचा चुरा होई. हा एसटीने माणगावचे खड्डे सोसून येतो.

मागल्या आठवड्यात काकूंचा फोन आला. दिवाळीला यंदा सगळी येणार आहेत. मुंबईची, पुण्याची, परदेशातला मुलगाही मुलांना घेऊन. मोजून चौदा माणसे. काकूंच्या आवाजात पूर्वीचा पंगतीचा कडकपणा आला होता. मागे चूल सारवल्याचा, डबे खाली काढल्याचा आवाज येत होता. मी यांच्याकडे बघितले. यांच्या चेहऱ्यावर ‘तरी मी तेव्हाच म्हटलं होतं’ असे स्पष्ट उमटले होते. मी विचारले, “काकू, मग आता मोठा टिन आणू का? दोन पौंडी?”

“मोठा कशाला?” काकू म्हणाल्या. “मोठ्याची आच मला परत नव्यानं शिकावी लागेल. तसलाच आणखी एक आण. पातेल्यात दोन शेजारी शेजारी बसतात, मी फूटपट्टी लावून बघितलंय.”